कंसातला वाघ

वाघ एकच होता. हे आधीच लिहून ठेवते, कारण मागच्या नाताळात नागपूरहून आलेल्या एका पाहुणीने मला विचारलं, की दोन्ही वाघ एकदमच आले होते की एकामागून एक.

ही वही माझ्या मुलीची. नववीचं वर्ष संपलं तेव्हा मागची पानं कोरी राहिली होती, ती मी घेतली. मी चौथी शिकलेली आहे. मला वाचता येतं, लिहिता येतं, बोलता मात्र येत नाही. मुकी नाही मी, पण समोर माणूस आला की शब्द गळ्यातच बसून राहतो आणि माणूस निघून गेल्यावर वर येतो. माझा नवरा म्हणतो, लग्नात सासऱ्याकडून रेडिओ मागितला असता तर घरात निदान आवाज तरी झाला असता.

आमचं गाव गोंडपिपरीच्या पुढे, जंगलाला लागून आहे. गावाच्या टोकाला पूर्वी मिशनचा दवाखाना होता. तो बंद पडून पुष्कळ वर्षं झाली, पण मागच्या दोन खोल्यांत नर्सबाई अजून राहतात. त्यांच्याकडे मी सकाळी स्वयंपाकाला जाते ती दुपार कलल्यावर घरी येते. नर्सबाईंनी ऐंशी कधीच ओलांडली. आमच्या गावातल्या अर्ध्या लोकांना जन्मल्याबरोबर पहिली थापड त्यांनीच मारलेली आहे, मलाही. म्हणून अजूनही त्या जवळून गेल्या की मोठमोठी माणसं उगाच पाठ सरळ करतात.

दवाखाना गेला तरी दवाखान्याची सवय गेली नाही. दारात कोणी आलं की त्या म्हणतात, "बाहेर बसा, नंबर आला की बोलावते." पाहुण्याला म्हणतात, कोंबडीला म्हणतात, वीज मीटरचा आकडा घ्यायला येतो त्यालाही म्हणतात. सरपंच एकदा मत मागायला आले होते, ते अर्धा तास बाहेर बसून निघून गेले. निवडून मात्र आले.

नर्सबाईंच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला आहे. आता उजेड आणि सावली तेवढी कळते. त्यामुळे जेवण झालं की मी त्यांना त्यांचं पुस्तक वाचून दाखवते. त्या खाटेवर, मी खाली. बोट ठेवून वाचते, सावकाश. त्यांना मी दिसत नाही म्हणून मला लाज वाटत नाही. गावात माझा आवाज सगळ्यात जास्त कोणी ऐकला असेल तर नर्सबाईंनी, आणि तोही येशूच्या गोष्टी सांगताना.

आम्ही बौद्ध, त्या ख्रिस्ती. पण पुस्तक वाचायला कोणाची मनाई नव्हती. येशूची गोष्ट त्यात चार वेळा आहे, चार जणांनी सांगितलेली. त्या चौघांची नावं पुस्तकात आहेत, पण मी त्यांना मनात पहिले भाऊ, दुसरे भाऊ, तिसरे भाऊ आणि चौथे भाऊ म्हणते. चौघांचा स्वभाव मला आता घरच्यासारखा कळतो. पहिले भाऊ प्रत्येक गोष्टीत म्हणतात, हे आधीच लिहून ठेवलं होतं बघा. दुसऱ्या भाऊंना सारखी घाई. तिसऱ्या भाऊंच्या गोष्टींत बाया, आजारी, गरीब जास्त येतात, बहुतेक त्यांच्या घरात बहिणी असाव्यात. आणि चौथे भाऊ असं बोलतात की वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरते.

चौघांचं एकमेकांशी जुळत नाही, हे मला पहिल्या वाचनातच दिसलं होतं. येशूला कबरीत ठेवल्यावर तिसऱ्या दिवशी पहाटे बाया तिथे जातात. एक भाऊ म्हणतात दोघी गेल्या, एक म्हणतात तिघी, एक म्हणतात तिघी आणि आणखी काही, चौथे भाऊ एकीचंच नाव घेतात. तिथे एक देवदूत होता की दोन, यावरही बोलणं एक नाही. मी नर्सबाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "बाळंतपणाच्या खोलीत किती बाया होत्या हे कोनाला बरोबर सांगता येते का? लेकरू झालं का नाई, तेवढं पाहावं."

मला ते पटलं. आमच्या विहारात येणारे भंतेजी सांगतात की आमचीही वचनं कितीतरी पिढ्या तोंडपाठ चालत आली आणि मग कुठे लिहिली गेली. तेव्हा उशिरा लिहिलं म्हणून मला काही दचकायला होत नव्हतं. दचकल्या त्या नर्सबाई, आणि त्यांना दचकवलं त्यांच्या भाच्याने.

हा भाचा नागपूरच्या कॉलेजात इतिहास शिकवतो. पन्नाशीचा, केस पांढरे, माणूस गोड. वर्षातून एकदा संत्रा बर्फीचे दोन डबे घेऊन आठ दिवस राहायला येतो. मला ताई म्हणतो. नर्सबाईंनी पहिल्याच दिवशी जेवताना त्याला अभिमानाने सांगितलं की हिने मला चारही भाग तीन-तीन वेळा वाचून दाखवले. तो खूश झाला आणि मला विचारू लागला की त्यातला कोणता आवडला. मी स्वयंपाकघरात शिरले. पडद्याआडून म्हटलं, दुसरा. का, म्हणाला. म्हटलं, लहान आहे.

तो जोरात हसला आणि म्हणाला की मोठमोठे अभ्यासकही त्यालाच सगळ्यात जुना मानतात. मग पोळी हातात तशीच राहिली आणि तो शिकवायला लागला. येशू गेल्यावर तीस-चाळीस वर्षं कोणी हे लिहिलंच नव्हतं. लोक तोंडानेच सांगत होते. चौथ्या भाऊंचं तर साठेक वर्षांनी आलं. येशू आणि त्याची माणसं बोलत होती एक भाषा आणि लिहिलं गेलं ग्रीक भाषेत. लिहिणाऱ्यांनी आपलं नाव कुठेच घातलं नव्हतं, ती नावं लोकांनी मागाहून लावली. आणि पहिल्या आणि तिसऱ्या भाऊंनी दुसऱ्या भाऊंचं समोर ठेवून लिहिलं. हे कशावरून, तर शब्द तेच, शब्दांची रांग तीच.

नर्सबाईंना हे सगळं फार आवडत नव्हतं, पण त्या वाढ म्हणून मला खूण करत राहिल्या. मी मात्र पडद्यामागे तोंडात पदर कोंबून हसत होते. मला आमचा पंचनामा आठवला होता.

त्याची हकीकत अशी. त्याच्या दोन वर्षं आधी हिवाळ्यात माझी बकरी वाघाने मारली. मी सकाळी कामावर येताना तिला सोबत आणून नर्सबाईंच्या अंगणात जांभळीला बांधत असे. धुकं होतं. वाघाने तिथेच तिची मान धरली. फॉरेस्टचे गार्ड दुपारी आले, कागद मांडला आणि माझ्या नवऱ्याला विचारलं की काय झालं. नवरा तिथे नव्हताच. तो घरी दाढी करत होता. त्याने तसंच सांगितलं, की मी दाढी करत असताना बकरी ओरडल्याचं ऐकलं. गार्डने ते आपल्या भाषेत लिहिलं, सदर इसम सदर वेळी दाढी करीत असताना सदर बकरीचा आवाज आला. मग मला म्हणाले, बाई, तुमचं बयाण. मी खाली पाहिलं. थोडा वेळ थांबून त्यांनी नवऱ्याचंच बयाण माझ्या नावाखाली उतरवलं. पुढे दोन शेजाऱ्यांची बयाणंही तशीच उतरवली, त्यांना घाई होती. मी सही करताना वाचलं. माझ्या नावाखाली लिहिलं होतं की मी दाढी करीत होते. दोघा शेजाऱ्यांतली एक माझी चुलत सासू, ती पण दाढी करीत होती. दुसरे म्हातारबाबा, त्यांनी जन्मात दाढीला वस्तरा लावलेला नाही, ती छातीपर्यंत आली आहे, ते पण. चार जणांनी एका वेळी दाढी केली तेव्हा बकरी मेली. सरकारी शिक्का बसला.

तर कोणी कोणाचं पाहून लिहिलं हे कसं ओळखायचं, ते मला कॉलेजात न जाता कळलेलं होतं. आणि मी जे पाहिलं होतं ते त्या कागदात कुठेच नव्हतं.

दुपारी नर्सबाई म्हणाल्या, आज त्या बाईचं वाच, याला ऐकू दे. ही चौथ्या भाऊंच्या पुस्तकातली गोष्ट. एका बाईला लोक परपुरुषासोबत धरून आणतात आणि येशूला विचारतात, हिला दगडांनी मारायचं ना? तो खाली वाकून बोटाने जमिनीवर लिहीत बसतो. मग म्हणतो, तुमच्यात ज्याने पाप केलं नसेल त्याने पहिला दगड मारावा, आणि परत लिहू लागतो. एकेक जण निघून जातो, आधी म्हातारे. जमिनीवर त्याने काय लिहिलं ते चौघांपैकी कोणीच लिहून ठेवलं नाही, याची मला फार चुटपुट लागते.

ही गोष्ट नर्सबाईंची आहे. त्या विशीत इथे आल्या तेव्हा त्यांच्या मोठ्या नर्सने ही गोष्ट त्यांना बाळंतपणाच्या खोलीत उभ्या उभ्या सांगितली होती. खाटेवर एक पोरगी होती, तिच्या घरचे तिला दारात उभं करत नव्हते. त्यानंतर चाळीस वर्षं नर्सबाईंच्या दवाखान्यात अशा कितीतरी पोरी आल्या. हे लेकरू कोणाचं, असं विचारायची कोणाचीही हिंमत झाली नाही. त्यांना बाहेर बसा असं नर्सबाई कधी म्हणत नसत. त्यांचा नंबर आधी.

मी वाचून थांबले. भाच्याने मान हलवली आणि म्हणाला की गोष्ट सुंदर आहे, पण गंमत म्हणजे सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत ती नाहीच. कुणीतरी पुष्कळ मागाहून आत घातली. काही प्रतींत तर ती दुसऱ्याच जागी सापडते, तिसऱ्या भाऊंच्या पुस्तकात.

नर्सबाईंनी तोंड त्याच्या आवाजाकडे वळवलं. मग म्हणाल्या, "म्हणजे झालीच नाई?"

"तसं मी म्हणत नाही, मावशी. झाली असं सांगायला पुरावा नाही, एवढंच."

"मग मी काय घेऊन बसली होती इतके वर्षं?"

त्याला वाटलं त्या सहज म्हणाल्या. त्याने बर्फीचा तुकडा तोडून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो खाल्ला नाही, बशीत ठेवला, आणि तो मुंग्यांना मिळाला.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक काढलं तर त्या म्हणाल्या, राहू दे, डोळे दुखून राह्यले. वाचायची मी, डोळे त्यांचे दुखत होते. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी पुस्तक खाटेवरून उचलून त्यांनी मला डाळीच्या डब्यांशेजारी ठेवायला लावलं. त्या दिवशी शेजारची कोंबडी घरात शिरली, खाटेखालून फिरली, पिठाच्या परातीत पाय देऊन गेली. नर्सबाईंना तिचे पाय ऐकू येत होते. तरी त्या तिला बाहेर बस म्हणाल्या नाहीत. मला तेव्हा खरी भीती वाटली.

भाचाही हबकला होता. तो त्यांना परत परत समजावत होता की पुरावा नसणं म्हणजे खोटं असणं नव्हे. पण तो जितकं समजावी तितकी मावशी भिंतीकडे वळे. असे आठ दिवस संपत आले, त्याला दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने बल्लारपूरला जाऊन गाडी धरायची होती. मी घरी गेले, पेटी उघडली, पंचनाम्याची झेरॉक्स काढली आणि कमरेला खोचून परत आले.

ती दोघं चहा घेत होती. मी स्वयंपाकघरात लाखोळीची भाजी खुडायला बसले. मध्ये पडदा. पडदा असला तर मला थोडं बोलता येतं. तीन वेळा तोंड उघडलं आणि मिटलं. चौथ्या वेळी आवाज निघाला.

"नर्सबाई, बकरी मेली त्या दिवशी तुम्ही कुत्र्याले काठी मारली होती, आठवते?"

पलीकडे कपबशी थांबली. त्यांना आठवत होतं. शेजारचा मोठा पिवळा कुत्रा त्यांच्या शेवंतीत लोळायचा, त्याला त्या नेहमीच काठी मारत.

"तो कुत्रा नव्हता."

मग मी सगळं सांगितलं, भाजीकडे पाहत. बकरी एकदाच ओरडली. मी भाताचा गंज हातात घेऊन मागच्या दारात आले. धुक्यात जांभळीखाली तो बकरीवर बसलेला होता. माझ्या तोंडून आवाज निघेना. तेवढ्यात पुढच्या दाराने नर्सबाई काठी टेकत अंगणात आल्या. तेव्हा त्यांना रंग अजून थोडे कळत, पिवळं काहीतरी दिसलं असणार. सरळ त्याच्यापाशी गेल्या, पाठीत एक काठी घातली आणि म्हणाल्या, "इथी काय करून राह्यला? बाहेर बस, नंबर आला की बोलावते." वाघाने बकरी सोडली. मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मग उठला, कुंपणाच्या पडलेल्या भागातून बाहेर गेला [आणि पलीकडे रायमुनियाच्या झुडपाजवळ बसला]. नर्सबाई काठी पुसून आत गेल्या. मी गंज घेऊन उभीच होते. नंतर कधीतरी तिकडे पाहिलं तर तो नव्हता.

भाचा उठून पडद्यापाशी आला, पण पडदा बाजूला केला नाही. इतिहासाचा माणूस, त्याने एकेक प्रश्न विचारला. आणखी कोणी पाहिलं का? नाही. कोणाला सांगितलं का? नाही. कुठे लिहिलं आहे का? नाही. मग तेव्हाच का नाही सांगितलं?

"कोनी इचारलंच नाई," मी म्हटलं. "बकरी कशी मेली ते इचारलं. तेही आधी घरच्यांना, मले मागून."

आणि पडद्याखालून झेरॉक्स सरकवली.

तो उभ्यानेच वाचू लागला. दुसऱ्या बयाणापाशी त्याने हूं केलं. तिसऱ्यापाशी खाली बसला. म्हातारबाबांना तो ओळखत होता, त्यांची दाढीही त्याने पाहिली होती. चौथं बयाण त्याने मावशीला मोठ्याने वाचून दाखवायचा प्रयत्न केला, पण सदर इसम सदर दाढीपाशी त्याचा आवाज फुटला आणि चष्मा काढून तो डोळे पुसत राहिला. नर्सबाई हसल्या नाहीत. त्या विचारात होत्या.

"किती वर्षांनी सांगून राह्यली हे?"

"दोन."

"अन् मी मेल्यावर सांगितलं असतं तर?"

मी म्हटलं, सांगितलं असतं. कोणीतरी एक बाई भाजी खुडायला सोबत असती, तिला सांगितलं असतं. तिने पुढे कोणाला. मग एखाद्याने लिहून घेतलं असतं, आणि कुठे घालावं ते न कळून जिथे जागा दिसली तिथे घातलं असतं. दुसऱ्या भाऊंच्या शेवटी बाया कबरीपासून पळत सुटतात आणि भीतीने कोणाला काहीच सांगत नाहीत, असं लिहिलेलं आहे. मला तो शेवट म्हणूनच आवडतो. काही सांगितलं नाही तर भाऊंना कळलं कसं? सांगितलंच असेल. उशिरा. दगड मारायला आणलेली ती बाई त्या दिवशी कोणत्या गार्डपुढे बोलली असती?

माझ्या जन्मात मी एका दमात एवढं बोलले नव्हते. मग भाच्याने सांगितलं की खरं बोलायचं तर काही अभ्यासकही असंच मानतात, गोष्ट जुनी असावी, तोंडोतोंडी फिरत राहिली आणि उशिराने पुस्तकात शिरली. हे आधी का नाही सांगितलं, असं नर्सबाईंनी विचारलं. तो म्हणाला, तुम्ही विचारलं नाही.

"पुस्तक आण," नर्सबाई मला म्हणाल्या.

मी डाळीच्या डब्यांशेजारून काढलं आणि पडद्याबाहेर आले. पान उघडलं तेव्हा भाच्याने माझ्या खांद्यावरून वाकून बोट ठेवलं. गोष्टीच्या सुरुवातीला एक कंस होता आणि शेवटी एक. तीन वेळा वाचताना मी ते पाहिले होते आणि छापताना काहीतरी अडकलं असेल असं समजले होते. तो म्हणाला, हा कंस म्हणजे छापणाऱ्यांनीच सांगितलं आहे की ही गोष्ट जुन्या प्रतींत नाही, पण आम्हाला काढवत नाही.

नर्सबाईंनी मला कंसावरून बोट फिरवायला लावलं, त्यांचं. त्यांना काही लागलं नसणार, छापील कंस हाताला कुठे लागतो. पण त्या म्हणाल्या, "म्हणजे पुस्तक खोटं नाई बोललं. त्यानं सांगितलंच होतं, आपनच आइकलं नाई. वाच. कंसासकट वाच."

कंस कसा वाचायचा ते मला माहीत नव्हतं. सुरुवातीला थोडी थांबले आणि शेवटी थोडी थांबले. मधे कोंबडी आली. नर्सबाईंनी तिला बाहेर बसवलं.

भाचा सकाळच्या बसने गेला. नागपूरला पोचेपर्यंत वाघाची गोष्ट त्याने गाडीतल्या लोकांना सांगितली असावी, नंतर कॉलेजात, नंतर घरी. नाताळात त्याच्या बायकोची मैत्रीण सोबत आली ती दोन वाघांचं विचारत. भाच्याने खाली पाहिलं. एक वाघ सांगितला तर लोक दुसरीकडे पाहतात, असं तो मला स्वयंपाकघराच्या दारात हळूच म्हणाला. त्या दिवशी बर्फी मी त्याला शेवटी वाढली.

नर्सबाईंचं त्याहून वेगळं आहे. पहिले काही महिने त्या मलाच सांगायला लावत, वाघाने कसं पाहिलं, मी काय म्हटलं. मग स्वतःच सांगू लागल्या. पावसाळ्यापासून त्या सांगतात की तो वाघ आहे हे त्यांना वासावरूनच कळलं होतं, पण दवाखान्यात शिस्त म्हणजे शिस्त. मी समोर असतानाही सांगतात. मी काय करणार, मी खाली पाहते.

म्हणून ही वही. मी तिथे होते, आणि मी दाढी करत नव्हते. वाघ एक होता. काठी एकदाच बसली, पाठीवर, उजव्या बाजूला. शब्द नर्सबाईंचे जसेच्या तसे आहेत, ते कोणीही सांगेल. वाघ कुंपणाबाहेर जाऊन खरंच बसला की नुसता थांबला, हे मात्र मला धुक्यात नीट दिसलं नव्हतं. पण मनात आठवतो तेव्हा तो बसलेलाच आठवतो, नंबराची वाट पाहत. तेवढं मी वर कंसात घातलं आहे.